नाशकातले नवे घर लावताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

नव्या सदनिकेची किल्ली हातात पडली की बहुतेक कुटुंबे पहिल्या रविवारीच सोफ्याच्या दुकानात जातात आणि घर लावण्याचा क्रम तिथेच उलटा होतो. सोफा आला की त्याची भिंत ठरते, त्याच्या समोरची भिंत टीव्हीला जाते, आणि मग लक्षात येते की त्या भिंतीवर विजेचा पॉइंट नाही किंवा दुपारी तीननंतर पडद्यावर थेट ऊन येते. पुढची सगळी कामे त्या एका खरेदीच्या सोयीने करावी लागतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या मुद्रणालयांत किंवा ओझरला नोकरीनिमित्त आलेल्या आणि पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, आडगाव अशा भागांत पहिल्यांदाच स्वतःचे घर घेतलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. दोन बेडरूमची मध्यम आकाराची सदनिका डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. बंगला किंवा रो-हाउस असेल तर मापे बदलतील, क्रम बदलणार नाही.

हा क्रम असा: आधी ऊन आणि ओल, मग माप, मग वीज, मग भिंतींची दुरुस्ती, मग सुतारकाम, मग रंगाचा अखेरचा हात, मग पडदे आणि दिवे, आणि सर्वांत शेवटी शोभेच्या वस्तू. यातले प्रत्येक काम पुढच्या कामाखाली झाकले जाते, म्हणून मागे राहिलेले काम करायचे झाले की झालेले काम फोडावे लागते.

ऊन, पाऊस आणि ओल

शक्य असेल तर सुतार बोलावण्यापूर्वी काही आठवडे घरात नुसते राहावे. गाद्या जमिनीवर आणि कपडे बॅगांत ही गैरसोय सोसण्यासारखी असते, कारण या काळात कोणती खोली केव्हा तापते, वारा कुठून येतो, घरातली माणसे प्रत्यक्षात कुठे बसतात आणि चपला कुठे काढतात, हे आपोआप कळते. घराचा एक साधा नकाशा कागदावर काढावा आणि सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठपर्यंत येते, त्याच्या रेघा पेन्सिलीने त्यावर ओढाव्यात.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि त्याचे परिणाम थेट घरात दिसतात. मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत भर दुपारी ऊन येत नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो. सज्जा आड आला नाही, तर सात फूट उंचीच्या दक्षिण खिडकीतून तो साडेसहा फूट आत पोहोचतो. नाशिकची थंडी रात्री दहा अंशांच्याही खाली उतरू शकते, म्हणून हे ऊन अडवू नये; दक्षिणेची खोली घरातल्या ज्येष्ठांना द्यावी आणि तिथे जाड पडदे लावू नयेत. त्रास देते ती पश्चिमेची भिंत. मार्च ते मे या काळात ती दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. पलंगाची डोक्याकडची बाजू या भिंतीला लावू नये. कपाट मात्र तिथे जरूर करावे, कारण ते भिंत आणि खोली यांच्यामध्ये अडसर म्हणून उभे राहते. अट एवढीच की ती भिंत कोरडी हवी.

ती कोरडी आहे की नाही हे पाहणे हेच या पायरीचे खरे काम. पावसाळी वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, आणि शहराच्या त्र्यंबकेश्वराकडच्या बाजूला पावसाचा जोर आडगावच्या बाजूपेक्षा जास्त असतो. त्यामुळे सातपूर, गंगापूर रोड या भागांत पश्चिमेकडे तोंड असलेल्या इमारतींच्या खिडक्यांच्या खालच्या कडा आणि बाहेरच्या भिंतींचे कोपरे विशेष लक्ष देऊन तपासावेत. रंगाला फोड येणे, भिंतीवर पांढरा लोणा फुटणे, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या फरशीच्या पट्टीच्या) वर काळपट पट्टा दिसणे ही उघड लक्षणे आहेत. शंका असेल तिथे फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले, तर ती हवेतली आर्द्रता आहे आणि खिडक्या उघड्या ठेवल्याने प्रश्न सुटतो.

ओल भिंतीतून येत असेल, तर तिच्यावर वॉलपेपर, लाकडी पॅनेल किंवा जलरोधक म्हणून विकला जाणारा रंग लावून ती झाकू नये. पाणी जिथून आत शिरते ती जागा बाहेरून किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये दुरुस्त करावी लागते. घर नवे असेल तर हा खर्च आपला नसू शकतो. स्थावर संपदा कायदा, २०१६ मधील कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत किंवा कारागिरीत दोष आढळला, आणि तो विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर तीस दिवसांत आणि विनामूल्य दुरुस्ती करणे ही विकासकाची जबाबदारी असते. तक्रार लेखी करावी, छायाचित्रे तारखेसह ठेवावीत, आणि हे सगळे त्या भिंतीला हात लावण्याआधी करावे. एकदा भिंतीवर आपले सुतारकाम चढले की दोष कोणाचा, यावर वाद घालायला जागा मिळते.

माप

पाच मीटरची पोलादी टेप, आलेखाच्या चौकड्यांची वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. विकासकाने दिलेल्या माहितीपत्रकातल्या मापांवर विसंबू नये, कारण प्लास्टर आणि फरशीची जाडी धरल्यावर खोली एक-दोन इंचांनी लहान भरते. प्रत्येक भिंत जमिनीलगत, कमरेच्या उंचीला आणि छताजवळ अशी तीनदा मोजावी आणि सर्वांत लहान आकडा धरावा. खोलीचा कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा सरळ आहे. तो सरळ नसेल तर सुताराला आधीच सांगावे, म्हणजे कपाटाच्या कडेला उरणारी फट तो पट्टीने झाकण्याची तयारी ठेवील. बीमची खाली उतरलेली उंची, खिडकीखालच्या कट्ट्याची उंची, दार कोणत्या बाजूला आणि किती उघडते, हेही नकाशावर यावे. शिवाय लिफ्टची आतली मापे आणि जिन्याच्या वळणावरची रुंदी नोंदवून ठेवावी. साडेसहा फुटी अखंड सोफा चौथ्या मजल्याच्या वळणावर अडकला, की तो दोरीने गॅलरीतून चढवण्याची पाळी येते.

मग वर्तमानपत्रे जोडून पलंग, सोफा, जेवणाचे टेबल यांच्या खऱ्या मापाचे कागद कापावेत आणि जमिनीवर अंथरून त्यांच्यामधून चालून पाहावे. हा खटाटोप बालिश वाटतो, पण घरसजावटीत इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुसरा प्रयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. बेडरूम १० बाय ११ फूट आहे आणि १० फुटी भिंतीवर दोन फूट खोल कपाट करायचे आहे. खोली उरली १० बाय ९. सहा फूट रुंद गादीचा पलंग चौकटीसह सव्वासहा फूट होतो. तो ९ फुटांच्या बाजूला डोके करून ठेवला, तर दोन्ही बाजूंना मिळून पावणेतीन फूट उरतात. कपाटाची दीड फुटी दारे उघडून समोर उभे राहायला अडीच फूट तरी लागतात, म्हणजे पलीकडच्या बाजूला तीन इंच उरले. तिकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचे तर पायथ्याकडून रांगत यावे लागेल. तेच पाच फूट रुंद गादीचा पलंग घेतला, तर कपाटाच्या बाजूला अडीच फूट आणि पलीकडे सव्वा फूट मिळते. या आकाराच्या खोलीत सहा फुटी पलंगाचा हट्ट बहुतेक वेळा दुकानातल्या मोठ्या दालनात पाहिल्यामुळे धरला जातो.

वीज

सामानाच्या जागा कागदावर ठरल्या की इलेक्ट्रिशियनला बोलवावे, त्याआधी नाही आणि रंगानंतर तर मुळीच नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्विच आणि सॉकेट, टीव्हीमागे किमान चार सॉकेट, इंटरनेटच्या राउटरसाठी घराच्या मध्यावर एक पॉइंट, ओट्यावर मिक्सरसाठी दोन, देवघराशेजारी एक, आणि गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, एसी यांच्यासाठी १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट असावेत. मुख्य पेटीत जादा भार आला की वीज तोडणाऱ्या एमसीबीबरोबर विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी आहे का, हे याच वेळी पाहावे.

भिंत फोडण्याआधी ती कशाची आहे हे विचारावे. विटांच्या भिंतीत झिरी पाडता येते. ज्याला मिस्त्री सर्रास सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीतही येते, पण हातोड्याने नव्हे, कटरने. अनेक नव्या उंच इमारतींत भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या असतात. त्या इमारतीचा भार पेलतात आणि त्यांना झिरी, कोनाडा किंवा दार पाडणे वर्ज्य आहे. तिथे वायर भिंतीवरून पट्टीतून न्यावी. कॉलम आणि बीम यांच्या बाबतीतही हेच. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींत देवळ्या आणि कोनाडे शोभून दिसत, आणि तशी हौस पुष्कळांना असते. चार किंवा सहा इंची भिंतीत ती पुरवता येत नाही, तिथे भिंतीवर उथळ लाकडी चौकट बसवून तोच आभास आणावा लागतो.

भिंती आणि रंग

नवे प्लास्टर असेल तर ते पुरेसे वाळल्याखेरीज पुट्टी लावू नये. क्युरिंग, म्हणजे प्लास्टरवर पाणी मारत राहण्याचे दिवस, संपल्यावरही त्यातले पाणी निघून जायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तो आणखी वाढतो. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्या शहराला एकाच वेळी रंगारी हवे असतात, तेव्हा मजुरी चढते आणि दोन हातांमधला वाळण्याचा वेळ कमी केला जातो. घाई नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ रंगासाठी सर्वांत चांगला, कारण हवा कोरडी असते आणि रंगारीही निवांत असतो.

तडे आणि खळगे भरणे, पुट्टीचे दोन हात, घासणे, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात एवढे सुतारकामाआधी करून घ्यावे. शेवटचा हात सुतार गेल्यावर. हा शेवटचा हात करारात वेगळा लिहून घ्यावा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात.

रंगांच्या निवडीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. छापील शेडकार्डावर दिसणारा रंग भिंतीवर अधिक गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी आणि दोन फुटी पुठ्ठ्यावर नमुना रंगवून तो सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली पाहावा. चकचकीत रंग धुता येतो, पण भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो. मॅट रंग तो लपवतो, पण लहान मुलांचे हात लागले की डागाळतो. म्हणून हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये मधली, हलक्या चमकेची जात घ्यावी, बेडरूममध्ये मॅट. एक भिंत भडक रंगाची करण्याची पद्धत अजून आहे. करायचीच तर ती खिडकीसमोरची भिंत असावी, खिडकीची नव्हे, कारण खिडकीभोवतीचा गडद रंग बाहेरच्या उजेडाशेजारी नुसता काळा दिसतो.

छताचे जिप्समचे काम हा आजकाल गृहीत धरला जाणारा खर्च आहे, आणि माझ्या मते साडेनऊ फुटी छताच्या सदनिकेत तो बहुधा अनावश्यक आहे. त्यात चार ते सहा इंच उंची जाते आणि पंखा खाली येतो. पंख्याची पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास हवीत आणि साडेसातच्या खाली येऊच नयेत. बीम फार बेढब दिसत असेल किंवा वायर लपवायची असेल, तर कडेने दीड-दोन फुटांचा पट्टा पुरतो.

सुतारकाम

घराच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा इथे जातो आणि नवख्या माणसाची फसगतही इथेच होते, म्हणून या पायरीला वेळ द्यावा.

आधी सामानाची यादी करावी. कपड्यांत घड्या किती आणि टांगायचे किती, साड्या किती, अंथरुणे-पांघरुणे किती, आणि स्वयंपाकघरात वर्षाचा गहू-तांदूळ भरण्याची पद्धत आहे की महिन्याचा किराणा येतो, यावरून खण आणि कप्पे ठरतात. परात, पुरणयंत्र, कुरडयांचा सोऱ्या, दिवाळीची मोठी कढई या वस्तू वर्षातून चारदा लागतात. त्यांना लॉफ्ट द्यावा. रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत यावेत. घरातला सर्वांत उंच डबा मोजून त्याहून दोन इंच जास्त अंतर कप्प्यात ठेवावे. नाशकात घर घेतले की पाहुणे येतातच, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर त्यासाठी पुरेसे आहेत, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर ते न कळवताही येतील. म्हणून हॉलमध्ये जड सोफासंचाऐवजी खाली गाद्या ठेवण्याची पेटी असलेला दिवाण आणि दोन हलक्या खुर्च्या ही मांडणी अधिक उपयोगाची ठरते.

ओट्याची उंची जी व्यक्ती सर्वाधिक स्वयंपाक करते तिच्यावरून ठरवावी: हात कोपरात दुमडून उभे राहिल्यावर कोपरापासून चार ते सहा इंच खाली. बहुतेकांसाठी ती ३२ ते ३४ इंच येते. ओट्याची खोली २४ इंच आणि वरच्या कपाटाचा तळ ओट्यापासून सुमारे २४ इंच उंच असावा. वरचे कपाट सिपोरेक्सच्या भिंतीवर टांगायचे असेल तर साध्या गट्ट्या आणि स्क्रू पुरत नाहीत; त्या भिंतीसाठी मिळणारे लांब फास्टनर वापरायला सांगावे. डब्यांनी भरलेले कपाट भिंतीतून निसटण्याचे कारण बहुधा हेच असते. गॅसचा सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवला तर दाराला तळाशी जाळी किंवा भोके हवीतच, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून गळती झाली तर खाली साचतो.

आता लाकूड. प्लायवूडच्या तीन जाती माहीत असल्या तरी पुरे. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा, कोरड्या खोलीतल्या कपाटांना ठीक. बीडब्ल्यूआर त्याहून टिकाऊ, स्वयंपाकघरासाठी. हे दोन्ही प्रकार आयएस ३०३ या मानकाखाली येतात. सिंकखालच्या कपाटासाठी आणि बाथरूमशेजारच्या भिंतीसाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. शिक्का प्रत्येक पत्र्यावर असतो. तो सुताराने कापून टाकण्यापूर्वी स्वतः पाहावा. पत्रा ८ बाय ४ फुटांचा म्हणजे ३२ चौरस फूट असतो. सांगाड्याला आणि दारांना १८ किंवा १९ मिलिमीटर, पाठीला ६ मिलिमीटर जाडी वापरतात. तीन फुटांहून लांब कप्प्याला मध्ये आधार हवा, नाहीतर पुस्तकांनी किंवा भांड्यांनी तो वाकतो. लाकडाचा भुसा आणि तंतू दाबून बनवलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ स्वस्त पडतात, पण कडेतून पाणी शिरले की फुगतात आणि मग स्क्रू धरत नाहीत. त्यांचे तयार फर्निचर घ्यायचे तर कोरड्या खोलीपुरतेच घ्यावे. ठेका ठरवताना बाहेरून एक मिलिमीटर सनमायका, आतून पातळ लायनर (आतल्या बाजूचा पातळ थर) आणि उघड्या कडांना एज बँड (कडा झाकणारी पट्टी) हे तिन्ही धरलेले आहेत ना, ते विचारावे.

भरीव सागवान वापरायचे असेल तर ऋतूचा विचार करावा. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुलैत घट्ट बसवलेल्या दाराची फट मार्चमध्ये डोळ्यांत भरते, आणि मार्चमध्ये घट्ट बसवलेले दार जुलैत लागत नाही. दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवणारा सुतार आळशी नसतो. पॉलिश तर पावसात टाळावेच. दमट हवेत त्याच्यावर पांढुरकी झाक येते.

ठेक्याचे दोन प्रकार आहेत: मटेरिअलसकट आणि नुसती मजुरी. पहिल्यात दर दर्शनी चौरस फुटावर ठरतो, म्हणजे सात फूट उंच आणि सात फूट रुंद कपाट ४९ चौरस फूट. त्यात लॉफ्ट धरला आहे का, खणांचे आणि आरशाचे पैसे वेगळे आहेत का, बिजागऱ्या आणि चॅनेल (खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) कोणत्या प्रतीचे, हे लिहून घेतले नाही तर दर स्वस्त आणि बिल महाग अशी गंमत होते. दुसऱ्यात सामान आपण आणायचे. पैसे वाचतात, पण दिवसातून दोनदा खिळ्यांसाठी आणि फेविकोलसाठी दुकानात जावे लागते. नोकरी करणाऱ्या नवख्याने पहिला प्रकार घ्यावा, मात्र प्लायचा प्रकार, जाडी आणि ब्रँड कागदावर आणून. तीन ठिकाणचे भाव घेताना तिघांना एकच नकाशा आणि एकच सामानाची यादी द्यावी, तरच तुलना होते. आणि सुताराने वर्षा-दोन वर्षांपूर्वी केलेले एखादे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नवे काम सगळेच छान दिसते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: थोडे सुरुवातीला, मग सांगाडा उभा राहिल्यावर, मग सनमायका झाल्यावर. साधारण दहावा हिस्सा शेवटपर्यंत हातात ठेवावा. तो देण्याआधी प्रत्येक दार आणि खण दहा वेळा उघडझाप करून पाहावा, कडांवरून हात फिरवावा, सनमायक्यावर बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकावे, आणि उरलेल्या कामांची यादी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ही सारी पायरी सोडून द्यावी. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या घरात भिंतीला जखडलेले काहीही करू नये. उभे लोखंडी रॅक, सुटे कपाट, चाकांची ट्रॉली आणि दोन मोठ्या सतरंज्या यांवर घर उत्तम लागते, आणि टेंपोत बसते.

पडदे आणि दिवे

पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीच्या सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर बसवावी, म्हणजे पडदा बाजूला सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते. कापडाचा हिशेब असा: खिडकी पाच फूट रुंद, दांडी सहा फूट, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे बारा फूट रुंदी. कापडाचा पन्हा ४८ इंचांचा असेल तर तीन पाट लागतात. पडद्याची उंची सात फूट आणि दुमडीला एक फूट धरला, की तीन पाटांना चोवीस फूट, म्हणजे सव्वासात मीटरपेक्षा थोडे अधिक. दुकानदार याहून बरेच जास्त सांगू लागला तर कारण विचारावे. मोठ्या नक्षीचे कापड असेल तर नक्षी जुळवायला जास्त लागते, हे कारण खरे असते. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावे. पश्चिमेच्या खिडकीला अस्तराचा पडदा हवा, अस्तर फिक्या रंगाचे. उत्तर-पूर्वेला साधी मलमल पुरे.

दिव्यांत वॉटबरोबर केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाच्या छटेचा, आकडाही पाहावा. ३००० च्या आसपासचा उजेड पिवळसर असतो आणि हॉल, बेडरूम, देवघर यांना शोभतो. ४००० चा ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर बरा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड दवाखान्यात असावा. एकाच खोलीत दोन छटा मिसळू नयेत. छताच्या मधोमध एक प्रखर दिवा लावण्यापेक्षा तीन-चार मंद दिवे वेगवेगळ्या जागी असावेत, आणि ओट्यावर काम करताना आपलीच सावली पडू नये म्हणून वरच्या कपाटाखाली एक पट्टी जरूर लावावी.

शोभेच्या वस्तू

इथे आल्यावर घाई करण्याचे कारण उरत नाही. भिंती काही महिने मोकळ्या राहिल्या तरी बिघडत नाही, आणि नाशिक जिल्ह्यातच घ्यावे असे पुष्कळ आहे.

जुन्या शहरातला भांडी बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घंगाळ, हंडा, समई, जुना डबा यांपैकी एकच मोठी वस्तू दाराशी किंवा कोपऱ्यात ठेवली तर घर भरलेले दिसते. दहा लहान वस्तूंनी ते दुकानासारखे दिसते आणि धूळ पुसण्याचे काम वाढते. घेताना वजनावर भाव विचारावा आणि भांड्याचे सांधे उजेडात धरून पाहावेत. चकाकी हवी असेल तर चिंच आणि मीठ लावून धुवावे व लगेच कोरडे पुसावे, नाहीतर पुन्हा काळे पडते. काही जणांना ती काळपट छटाच आवडते; मग नुसते फडके पुरे.

वारली चित्रे पेठ, सुरगाणा या तालुक्यांच्या आदिवासी भागांतूनही येतात. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने घराच्या कुडावर काढायच्या या कलेला डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर आणले, आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. छापील स्टिकर घेण्यापेक्षा हाताने काढलेले लहान चित्र घ्यावे. रेषा बारकाईने पाहिली तर फरक ओळखता येतो, कारण हाताची रेषा कुठे जाड तर कुठे बारीक होते. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. आपल्याकडे चित्रे हमखास फार उंच टांगली जातात. सोफ्यावरचे चित्र सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंचच वर असावे आणि रुंदीला सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरावे.

आजीची विरलेली येवल्याची पैठणी पेटीत पडून असेल, तर तिचा पदर चौकटीत बसवता येतो. कापड काचेला चिकटू देऊ नये, मध्ये पट्टी देऊन अंतर ठेवायला सांगावे. मागे साधा पुठ्ठा न घालता आम्लरहित कागद घालावा, आणि पदर गोंदाने न डकवता टाके घालून बसवावा. जिथे थेट ऊन पडते त्या भिंतीवर ती चौकट लावू नये.

झाडे गंगापूर रस्त्यालगतच्या रोपवाटिकांतून घ्यावीत, आणि तीही थोडी. कमी उजेडाच्या कोपऱ्यात मनी प्लँट आणि स्नेक प्लँट तग धरतात; तुळस आणि गुलाब यांना चार-पाच तास ऊन लागते, ती गॅलरीतच ठेवावीत. घरातल्या कुंडीखाली खोलगट बशी हवी, आणि लाकडी फर्निचरवर कुंडी ठेवायची असेल तर बशीखाली आणखी एक फरशीचा तुकडा. पावसाळ्यात घरातल्या झाडांचे पाणी कमी करावे, बोटभर माती कोरडी लागल्याशिवाय घालू नये, आणि बशीत साचलेले पाणी डासांसाठी रोज ओतून टाकावे.